बांडाची शांतता आपोआप आलेली नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पर्यटन पुरवणीत मसाल्याच्या बेटांवरच्या, म्हणजे इंडोनेशियातल्या बांडा बेटांवरच्या, शाही नौकासफरीचा लेख वाचला. फोटो सुरेख होते. निळ्या पाण्यात उभी दोन डोलकाठ्यांची नौका, मागे ज्वालामुखी, पुढे डेकवर पांढऱ्या गाद्या. ते सगळं खरंच तसं आहे. गेल्या ऑक्टोबरात मी स्वतः त्या समुद्रात आठ दिवस होते, म्हणून सांगते. पण लेखातली दोन विधानं घशाखाली उतरेनात. एक, जायफळाची आणि जायपत्रीची झाडं तिथे ‘शेजारी शेजारी डोलतात’. दुसरं, ही बेटं ‘आजही अस्पर्श’ आहेत.

पहिलं लवकर आटपते. जायपत्रीचं झाड नसतं. जायफळाचं पिवळसर फळ पिकलं की मधोमध उकलतं. आत काळपट चकचकीत कवचाची बी असते आणि तिला बिलगलेली लालभडक जाळी. ती जाळी अलगद सोडवून वाळवली की जायपत्री, आणि कवच फोडलं की आतलं जायफळ. आमच्या वाडीत पोफळींच्या सावलीत जायफळाची अकरा झाडं आहेत. सासऱ्यांनी बियांपासून सहा लावली होती. सात-आठ वर्षं शिंपणं घातल्यावर त्यातली चार नर निघाली. नर झाडाला फळ येत नाही, आणि फुलं येईपर्यंत ते नर की मादी हे कळायला मार्ग नाही. आता दापोलीच्या कृषी विद्यापीठाची कलमं मिळतात, ‘कोकण सुगंधा’ वगैरे, त्यामुळे हा जुगार राहिलेला नाही. पुरणात, श्रीखंडात, बासुंदीत, बाळगुटीच्या सहाणेवर आणि कॉफीत जायफळ घालणाऱ्या वाचकांच्या पेपरात ही चूक नको होती, इतकंच.

दुसऱ्या विधानासाठी मात्र जागा लागेल.

माझी मुलगी सिंगापूरला असते. जावयाला स्कूबाचं वेड. मी साठी ओलांडल्याचं निमित्त करून दोघांनी मला त्या नौकेवर नेलं. भाडं किती ते विचारू नका. मी विचारलं तेव्हा मुलीने विषय बदलला. इंडोनेशियातल्या अंबोनहून रात्री निघालो आणि पहाटे डेकवर आले तर समोर गुनुंग आपी. नावाचा अर्थच अग्निपर्वत. साडेसहाशे मीटरचा सरळ सुळका पाण्यातून वर आलेला, त्याच्या पायथ्याशी चिंचोळी खाडी आणि पलीकडे बांडा नेइरा गाव. मशिदीचे पत्रे, गंजलेली जेट्टी, टेकाडावर पंचकोनी बेल्जिका किल्ला. गाव इतकं शांत की कोंबडा आरवलेला नौकेवर ऐकू येत होता. ‘अस्पर्श’ हा शब्द आपल्या लेखकाला इथेच सुचला असणार. मलाही क्षणभर सुचला होता.

आता ही शांतता कुठून आली ते सांगते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत जगात कुठेही जायफळ विकलं गेलं, तर ते या मूठभर बेटांवरूनच आलेलं असे. दुसरीकडे त्याची लागवडच नव्हती. पोर्तुगीज 1512 मध्ये पोचले. त्यांनी बेटांचा ‘शोध’ लावला असं आपण सवयीने लिहितो, पण जावा-मलाक्याचे, अरब आणि गुजराती व्यापारी त्याच्या कितीतरी आधीपासून जायफळाच्या व्यवहारात होते. गुजरातेतलं कापड तिकडे जाई आणि जायफळ इकडे येई. बांडाच्या लोकांना राजा नव्हता. कारभार गावोगावचे मातब्बर बघत. त्यांना ‘ओरांग काया’ म्हणत. आपल्याकडे मानकरी म्हणतो तसे. जो चांगला भाव देईल त्याला माल, हा त्यांचा साधा धर्म. डच ईस्ट इंडिया कंपनीला तोच नको होता. सगळा माल आम्हालाच आणि आम्ही ठरवू त्या भावाने, असे करार तिने लिहून घेतले आणि ते मोडले म्हणून लोकांना गुन्हेगार ठरवलं.

1609 मध्ये बांडाच्या लोकांनी एका डच दर्यासारंगाला बोलणी करायला बोलावून मारलं, हेही लपवायला नको. त्या वेळी सोबत असलेला एक तरुण व्यापारी वाचला. त्याचं नाव यान पीटर्सझोन कून. पुढे तोच कंपनीचा गव्हर्नर जनरल झाला आणि 1621 मध्ये मोठं आरमार घेऊन बांडावर आला. त्या वर्षीच्या मे महिन्यात 44 मानकऱ्यांची मुंडकी उडवली गेली. तलवारी चालवल्या कंपनीने पगारावर ठेवलेल्या जपानी शिपायांनी. बेटांवर तेव्हा सुमारे पंधरा हजार वस्ती असावी असं मानतात. काही महिन्यांत जेमतेम हजारभर उरली. बाकीचे मारले गेले, डोंगरात उपासमारीने मेले, होड्यांतून पळाले. शेकडो जणांना गुलाम म्हणून बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला, नेलं. पळालेले पूर्वेला काई बेटांवर पोचले. तिथे बांडा एली नावाचं त्यांचं गाव आहे आणि बांडाची मूळ भाषा आज तिथे बोलतात. खुद्द बांडात ती कुणी बोलत नाही. ज्या बेटाची भाषा दुसऱ्या बेटावर जाऊन जगली, त्याला अस्पर्श कसं म्हणायचं?

रिकाम्या झालेल्या बागांचे कंपनीने 68 तुकडे पाडले आणि ते युरोपियन बागायतदारांना कसायला दिले. राबायला दूरदूरून गुलाम आणले. पिकलेलं सगळं जायफळ कंपनीलाच, तिने ठरवलेल्या भावात. वाचताना मला आमच्याकडची खोती आठवली, पण कुळं विकत आणलेली नसायची. मक्ता दोन शतकं टिकला. मधे फ्रेंचांनी चोरून काही रोपं मॉरिशसला नेली, आणि नेपोलियनच्या युद्धांच्या धामधुमीत बेटं इंग्रजांच्या हाती आली तेव्हा त्यांनी पेनांग, श्रीलंका अशी रोपं पसरवली. तिथून पुढे कॅरिबियनमधल्या ग्रेनेडापर्यंत जायफळ गेलं. त्या देशाच्या तर झेंड्यावरच ते आहे. हीच डच कंपनी आपल्या वेंगुर्ल्यालाही होती. तिच्या वखारीच्या पडक्या भिंती तिथे उभ्या आहेत. शाळेची सहल घेऊन मी दोनदा तिथे गेले होते आणि दोन्ही वेळा मुलांना ‘डच व्यापार करायला आले’ एवढंच सांगितलं. चूक आपल्या लेखकाचीच आहे असं नाही.

बांडा नेइरात त्या मानकऱ्यांचं स्मारक एका जुन्या विहिरीपाशी आहे. आमच्या सफरीच्या कार्यक्रमात ते नव्हतं. ‘स्पाइस टूर’ दोन तासांची: बागेत चक्कर, दालचिनी घातलेला चहा, किल्ल्यावर फोटो. मुलीला तोडकीमोडकी मलय येते, तिने जेट्टीवरच्या पोराला विचारलं आणि आम्ही दोघी चालत गेलो. वीस मिनिटं लागली असतील. तोवर नौकेवरची घंटा वाजून जेवणं सुरूही झाली होती.

आता समुद्राबद्दल, कारण तिथे आपला लेख अपुरा वाटला, खोटा नाही. गुनुंग आपी 1988 मध्ये शेवटचा फुटला. लाव्हा उतारावरून थेट समुद्रात गेला आणि वाटेतलं प्रवाळ भाजून निघालं. त्यानंतर पाचच वर्षांत त्या काळ्या दगडावर शंभरावर जातींची प्रवाळं संशोधकांनी मोजली. मी स्कूबा करत नाही, पण मास्क लावून पाण्यावर पालथी तरंगले. खाली ताटांएवढी, सुपांएवढी, काही तर बैलगाडीच्या चाकाएवढी सपाट प्रवाळं एकावर एक. मधूनच काळा दगड डोकावत होता. जावयाने खोल पाण्यात हातोडीसारख्या डोक्याच्या शार्कांचा थवा पाहिला. ऑक्टोबर-नोव्हेंबरात, दोन मोसमी वाऱ्यांच्या मधल्या निवळीत, ते तिथे दिसतात. पण तो सगळ्यात खूश झाला ते जेट्टीपाशी, संध्याकाळी, डबर पडलेल्या उथळ पाण्यात बोटभर मँडरिन मासा पाहून. निळ्या-नारिंगी नक्षीचा तो मासा अंधार पडता पडता बाहेर येतो. एवढं भाडं भरून शेवटी गावच्या धक्क्याखालीच उतरायचं होतं!

नौकेचंही सांगायला हवं. तिला पिनिसी म्हणतात. सुलावेसीच्या दक्षिणेला बिरा आणि ताना बेरू इथले कारागीर आधी फळ्या जोडून बाहेरचं अंग उभं करतात आणि मग आत वाक्या, म्हणजे सांगाड्याच्या फासळ्या, बसवतात. 2017 मध्ये युनेस्कोने या कलेला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. आमच्या नौकेवरची शिडं आठ दिवसांत दोनदा उघडली, दोन्ही वेळा फोटोसाठी. बाकी सगळं इंजिन. त्याबद्दल तक्रार नाही, हर्णैचे नाखवेही आता शिडावर जात नाहीत. मला खटकलं ते स्वयंपाकघर. भाजी, कोंबडी, फळं, पाणी सगळं अंबोनहून भरलेलं. झोपणं नौकेवर, जेवण नौकेवर, दारू नौकेवर. गावात आम्ही पंचवीस माणसांनी मिळून काय खर्च केला, तर चहा आणि चार बाटल्या जायफळाचा जॅम. आपल्या लेखाच्या शेवटी दिलेल्या ‘कसे जाल’च्या चौकटीत फक्त अशाच सफरींची माहिती आहे. अंबोनहून सरकारी प्रवासी बोट बांडाला जाते, नेइरात घरगुती मुक्कामाच्या खोल्या मिळतात, आणि तिथूनच पाण्यात घेऊन जाणारे लोकही आहेत, हे त्या चौकटीत दोन ओळींत मावलं असतं. बांडाला जाऊ नका असं मी म्हणत नाही. जरूर जा, पण दोन रात्री जमिनीवर झोपा.

नेइरातच हाट्टा आणि शाहरिर या इंडोनेशियाच्या स्वातंत्र्यलढ्यातल्या नेत्यांची घरं आहेत. डचांनी या दोघांना 1936 मध्ये इथे हद्दपार करून ठेवलं होतं. सहा वर्षं ते इथे राहिले. हाट्टांनी गावातल्या मुलांची शिकवणी घेतली. त्यांच्या घराच्या मागच्या बाजूला ती बाकं अजून मांडलेली आहेत. पुढे हाट्टा इंडोनेशियाचे पहिले उपाध्यक्ष झाले, शाहरिर पहिले पंतप्रधान. 1947 च्या जुलैत डचांचा वेढा चुकवून शाहरिरना डकोटा विमानातून बाहेर काढणारा वैमानिक म्हणजे आपले बिजू पटनायक. शाळेत बाई म्हणून आयुष्यभर ज्या बाकांसमोर उभी राहिले तशीच ती बाकं, त्यामुळे तिथून माझा पाय लवकर निघेना.

शेवटच्या दिवशी रुनला, बांडातल्याच एका छोट्या बेटावर, गेलो. आपण लिहिलंत की डचांनी ‘रुनच्या बदल्यात न्यूयॉर्क विकलं’. तसा सौदा झाला नाही. 1667 च्या ब्रेडाच्या तहात डच आणि इंग्रज दोघांनी ठरवलं की ज्याच्या ताब्यात जे आहे ते त्याने ठेवावं. रुन डचांच्या हाती होतं, मॅनहॅटन, म्हणजे आजच्या न्यूयॉर्कमधलं बेट, इंग्रजांच्या. रुनवाल्यांना विचारायचा प्रश्नच नव्हता, मूळचे लोक तिथे उरलेच नव्हते.

आज रुनवर जायफळाच्या बागा आहेत, उंच कनारी झाडांच्या सावलीत. आमच्याकडे नारळ-पोफळी जे काम करतात तेच तिथे कनारी करतात. एक आजी लांब बांबूने फळं काढत होत्या. बांबूच्या टोकाला वेताची छोटी परडी आणि वर दोन आकडे. फळ ओढलं की परडीत पडतं, खाली आपटत नाही. त्या ‘पाला, पाला’ म्हणत होत्या. मला वाटलं पानांबद्दल बोलतायत. मुलीने सांगितलं, पाला म्हणजे जायफळ. संस्कृतातल्या ‘फल’वरून आलेला शब्द. मी माझ्या मोबाइलवर वाडीतल्या झाडाचा फोटो दाखवला. आजींनी तो बोटाने मोठा करून नीट पाहिला आणि विचारलं, “सालीचं काय करता?” मी म्हटलं, टाकून देतो. त्या हसल्या, आत गेल्या आणि साखरेत मुरवून वाळवलेल्या सालींची पुडी आणून हातावर ठेवली. पैसे घेतले, आणि बरेच घेतले, ते बरं वाटलं.

यंदा पावसात फळं उकलायला लागली तेव्हा मी साली टाकल्या नाहीत. पहिला घाणा तुरट झाला, मीठ-पाण्यात रात्रभर भिजवल्यावर दुसरा जमला. पुरवणीत जागा असेल तर कृती पाठवते. जायपत्रीची दुरुस्ती मात्र त्याआधी छापावी, ही विनंती.

कळावे,
आपली
एक निवृत्त शिक्षिका आणि बागायतदार,
आंजर्ले, ता. दापोली, जि. रत्नागिरी