इंजिन तापेपर्यंत माझ्यासोबत थांबलेल्या काकांना

काका,

सादर नमस्कार.

माझं नाव कुठे घेऊ नकोस, असं तुम्ही बजावलं होतंत, म्हणून नुसतंच काका. आभार मात्र मला चारचौघांत मानायचे आहेत.

माझी जुनी दुचाकी सकाळी दुसऱ्या किकला सुरू व्हायची आणि वीसेक मिनिटं चालली की मिसिंग करत, म्हणजे अडखळत, बंद पडायची. मग कितीही किका मारा, ढिम्म. अर्ध्या तासाने जणू काही झालंच नाही अशी पुन्हा चालू. मी प्लग बदलला, कार्बोरेटर दोनदा साफ केला, शेवटी प्लगला व्होल्टेज पुरवणारी कॉइलही नवीन टाकली. ज्यांना दाखवली त्यांनी प्लग काढून स्पार्क बघितला, चांगला निळा आहे म्हणाले आणि गाडी परत दिली. त्यांचंही खोटं नव्हतं, कारण गाडी त्यांच्याकडे पोचेपर्यंत थंड झालेली असायची.

तुम्ही पाना हातात घेण्याआधी विचारलंत, "बंद कधी पडते? मग तेव्हाच बघू." आणि खरोखरच थांबलात. दोन फेऱ्या मारून आणायला लावल्यात, तिसऱ्या फेरीत ती रुसली तसे ढकलायला स्वतः आलात. आधी टाकीचं झाकण उघडलंत. झाकणाचं हवेचं भोक बुजलं की पेट्रोल उतरत नाही आणि गाडी अशीच थांबते, हे मला तेव्हा कळलं. तिथे काही नव्हतं. मग गरम प्लग काढला. तो पेट्रोलने ओला होता, म्हणजे पेट्रोल पोचत होतं, पेटत नव्हतं. प्लग इंजिनाच्या हेडला टेकवून, प्लगच्या भोकापासून लांब धरून किक मारली तर सकाळचा तो जाड निळा स्पार्क पिवळा, केसासारखा बारीक झालेला.

त्यानंतरचं दृश्य अजून डोळ्यांसमोर आहे. तुम्ही पॉइंटचं, म्हणजे कॉइलचा करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या छोट्या स्विचचं, झाकण काढलंत, हाताने उजेड अडवलात आणि मला वाकून बघायला सांगून किक मारलीत. ठिणगी प्लगवर उडायची ती पॉइंटवरच तडतडत होती. पॉइंट उघडला की कॉइलमधला करंट एका झटक्यात तुटला पाहिजे, तरच प्लगला हजारो व्होल्ट मिळतात. तो झटका नीट बसावा म्हणून पॉइंटला जोडलेला छोटा भाग, कंडेन्सर, तापल्यावर करंट गळू देत होता. पॉइंटही तुम्ही माझ्या तळहातावर ठेवलेत. एका तोंडाला खड्डा, दुसऱ्यावर तेवढाच टेंगूळ, आणि दोन्ही काळेनिळे पडलेले. एवढासा डाग, पण सगळी हकीकत त्यात होती.

तरीही तुम्ही लगेच "बदल" म्हणाला नाहीत. जुन्या कंडेन्सरची वायर सोडवून दुसरा बाहेरच्या बाहेर जोडलात आणि त्याच तापलेल्या इंजिनावर मला किक मारायला लावलीत. पहिल्या किकला सुरू! खात्री करून मग भाग बदलायचा, हा तुमचा धीर मला सगळ्यात मोठा वाटतो. माझी जुनी कॉइल मुळात चांगलीच होती, हेही तुम्हीच ती परत लावून दाखवलंत.

नवे पॉइंट तुम्ही माझ्या हातून बसवून घेतलेत. गॅप ०.३५ मिलिमीटर, फिलर गेजच्या, म्हणजे फट मोजायच्या पट्टीच्या, पात्याला जेमतेम ओढ लागेल इतकीच. गॅप बदलली की टायमिंगही, म्हणजे ठिणगी पडायची वेळही, सरकतं, म्हणून ते पुन्हा तपासायला लावलंत. पॉइंट उघडणाऱ्या कॅमला टेकणाऱ्या नमद्यावर, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या तुकड्यावर, तेलाचे दोनच थेंब, जास्त झालं तर पॉइंटवर उडतं. माझा हात तीनदा चुकला, तुम्ही तिन्ही वेळा स्क्रू सैल करून पुन्हा माझ्याच हातात दिलात.

परवा सलग दोन तास गाडी चालवली, भर उन्हात. मुद्दाम मध्ये थांबवून गरम असतानाच पुन्हा किक मारली. सुरू झाली, आणि पहिली आठवण तुमची आली. गडबडीत तुमचं फिलर गेज माझ्याच खिशात राहिलंय. रविवारी घेऊन येतो, गाडीवरूनच.

तुमचा ऋणी,
जुन्या गाडीवाला