ऑपरेशनआधीच्या त्या इंजेक्शनबद्दल लिहा
संपादक महोदय, सप्रेम नमस्कार,
माझ्या वहिनीचं ब्रेस्ट कॅन्सरचं ऑपरेशन ठरलंय म्हणून लिहितेय. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी देशातल्या ११ सेंटर्समध्ये जवळपास १६०० बायकांवर ट्रायल केली, २०२३ मध्ये ती छापूनही आली, त्यात निम्म्या जणींना गाठ काढायच्या ७ ते १० मिनिटं आधी गाठीभोवती लिडोकेन टोचलं, अहो तेच, दात काढताना बधिर करायला वापरतात ते, आणि ५ वर्षांनी त्यांच्यातल्या ९०.१ टक्के हयात होत्या, बाकीच्यांत ८६.४. इतकं जुनं नि स्वस्त औषध! पण आमच्या रामबागेतल्या भिशीत विचारलं तर एकीलाही माहीत नाही. इंदूरचे सर्जन हे देतात का, कृपया त्यांना विचारून छापा, वहिनीची तारीख पुढच्याच आठवड्यात आहे.
एक वाचक, इंदूर