नायगारा पाहून झाला, पुढे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पर्यटन पुरवणीतला अमेरिकेवरचा लेख वाचला. नायगारा, स्वातंत्र्यदेवी, टाइम्स स्क्वेअर, संपलं! मुलाकडे सहा महिने राहायला आलेल्या आमच्यासारख्यांचं हे सगळं पंधरा दिवसांत उरकतं. मग उरते ती खिडकी आणि नातवाच्या शाळेची बस.

न्यू जर्सीत टायटसविलला डेलावेअर नदीकाठी वॉशिंग्टन क्रॉसिंग स्टेट पार्क आहे. २५ डिसेंबर १७७६ च्या रात्री नदीतून बर्फ वाहत असताना जॉर्ज वॉशिंग्टन सुमारे २४०० सैनिक आणि १८ तोफा घेऊन इथे पार उतरले आणि सकाळी ट्रेंटनमध्ये ब्रिटिशांच्या भाडोत्री जर्मन फौजेवर तुटून पडले. गनिमी कावाच की! त्याच वर्षी मार्चमध्ये आपल्याकडे इंग्रजांशी पुरंदरचा तह झाला होता, असं मी म्हणालो, तर चिरंजीव म्हणाले, ‘बाबा, इथेही पुरंदर आणलाच का?’

मला मात्र लढाईपेक्षा शेजारचा कालवा आवडला. १८३० ते १८३४ मध्ये बहुतेक आयरिश मजुरांनी कुदळ-फावड्यानं खणलेला. काठावरून खेचरं होड्या ओढत. पुढे त्या वाटेवर रेल्वे आली, तीही गेली. आता माणसं चालतात. कालव्याचं पाणी आजही पिण्यासाठी जातं. वाट इतकी सपाट की दीड तास माझ्या गुडघ्यांनी चकार शब्द काढला नाही. एका ओंडक्यावर सात-आठ कासवं ओळीनं ऊन खात बसली होती. आमची सावली पडताच टपाटप पाण्यात! नदीवर १९०४ चा अरुंद लोखंडी पूल आहे. त्यावरून चालत पेनसिल्व्हेनियात गेलो, थर्मासमधला चहा घेतला आणि परत न्यू जर्सीत आलो.

रानातल्या पायवाटांवर मात्र पँट मोज्यात खोचून जावं. तिथे गोचिडी असतात आणि त्यांच्या चाव्यातून लाइम नावाचा आजार होतो. घरी आल्यावर सौ.नी माझे पाय गोठ्यातल्या म्हशीसारखे तपासले.

पुढच्या वेळी अशा जागांबद्दलही छापावं, ही विनंती. आणि तिथे गाडीशिवाय जाणं कठीण, हे ठळक अक्षरांत लिहा. मुलं तुमचा पेपर मोबाइलवर वाचतात. एखादा रविवार मोकळा ठेवतील.

– एक वाचक, सातारा (सध्या मुक्काम न्यू जर्सी)