चिपळूणच्या फॉर्च्युनरला इसार देण्याआधी

ती. आई आणि बाबांना सा. नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही "गाडी बघितली, नजरेत भरली" एवढंच बोलून फोन आईकडे दिलात. आई म्हणाली, "मला नको विचारू, मला त्यात चढताच येत नाही," आणि तिनं फोन ठेवला. तेव्हापासून डोक्यात तेच चालू आहे. फोनवर तुम्ही मला पुरतं बोलू देत नाही, म्हणून लिहून पाठवतेय. शांतपणे वाचा, आणि आईलाही वाचून दाखवा, कारण यातलं निम्मं तिच्याबद्दल आहे.

आधी तुमच्या चिपळूणच्या स्नेह्यांच्या त्या जुन्या फॉर्च्युनरचं. २०१८ चं मॉडेल, एकच मालक, गाडी पहिल्यापासून चिपळुणात. मग २२ जुलै २०२१ ला ती कुठे उभी होती? वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं त्या दिवशीचं मी तुम्हाला सांगायला नको. त्या पुरात चिपळूणच्या किती गाड्या बुडाल्या ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय. अशा गाड्या विमा कंपनी मोडीत काढते, त्या कुणीतरी लिलावात उचलतं, धुऊन-पुसून, सीट कव्हरं बदलून त्या पुन्हा बाजारात येतात. ही तशी आहे असं माझं म्हणणं नाही. तुमचे स्नेही भला माणूस आहेत. कदाचित त्यांची गाडी त्या दिवशी वरच्या अंगाला कुठेतरी सुखरूप असेल. पण "भला माणूस आहे" हे काही गाडीचं कागदपत्र नव्हे.

त्यांच्याकडे २०२१-२२ आणि २०२२-२३ च्या विमा पॉलिस्या मागा. त्यात 'नो क्लेम बोनस' असा एक रकाना असतो. क्लेम न घेता वर्षं गेली की तो २० टक्क्यांपासून चढत ५० टक्क्यांपर्यंत जातो, आणि एक क्लेम घेतला की शून्यावर येतो. यातल्या कुठल्याही पॉलिसीत तो शून्य दिसला, तर कशाचा क्लेम होता ते विचारायचं. पॉलिसी सापडत नाही म्हणाले, तर हात जोडून घरी यायचं.

पॉलिसी स्वच्छ असली तरी गाडी बघायचीच. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा, रोज बाहेर असतो तेवढाच नव्हे, पार आतला पट्टा बाहेर येईपर्यंत. गाडी पाण्यात गेली असेल तर त्या पट्ट्याच्या टोकाला मातकट रेघ राहते. ती कुणी धूत नाही, कारण तिथवर कुणाचा हातच जात नाही. पुढची सीट मागे सरकवून खालची रूळपट्टी बघा, तिथे बारीक लाल गंज दिसतो. एसी बंद ठेवून काचा लावा आणि आत पाच मिनिटं बसा. कुबट वास आला तर उतरा. अत्तराचा फार वास आला तरीही उतरा.

पण खरं सांगू का, ती गाडी पुरात भिजलेली नसली तरी माझं मत नाहीच. फॉर्च्युनर वाईट नाही, भक्कमच आहे. ट्रकासारख्या शिडीच्या चासीवर, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यावर, बांधलेली, घाटात मागे हटणार नाही. त्या भक्कमपणाचे पैसे मात्र जुनी घेतानाही मोजावे लागतात, तिचा भाव लवकर उतरत नाही. म्हणजे आठ वर्षं जुन्या गाडीला तुम्ही जवळजवळ दुसऱ्या एखाद्या नव्या गाडीइतके पैसे देणार. आणि ती उंच आहे. आई, गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून खळ्यातून पडवीत यायची पायरी तू खांबाला धरून चढतेस, हे मी गणपतीत बघितलंय. फॉर्च्युनरची जमीन त्या पायरीपेक्षा बरीच वर. आधी फूटस्टेपवर पाय, मग वरच्या मुठीला लटकायचं, मग गुडघा पोटाशी घेऊन आत. उतरताना तर पाय अधांतरी. पावसात ओल्या चपलेनं हे करायचं?

आणखी एक. त्या गाडीत तिसरी रांग मोडून खाली जात नाही, दोन्ही बाजूंना उचलून खिडकीशी अडकवावी लागते. म्हणजे डिकीची रुंदी गेली. तुमच्या आंब्याच्या पेट्या आडव्या किती राहतात ते त्यांच्या दारातच लावून बघा. गाडी विकत घेण्याआधी पेट्या लावून बघायला लाज कसली?

आता दादाचं. दादा म्हणतो, जुनी नको, सरळ नवी स्कॉर्पिओ-एन घ्या, आम्ही दोघं हातभार लावतो. हातभार मीही लावणार आहे, तो प्रश्न नाही. जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून खाली आल्यामुळे नव्या मोठ्या गाड्या स्वस्त झाल्या, हेही खरं. पूर्वी सेस, म्हणजे वरचा उपकर, धरून ५० टक्के होता, तो ४० वर आला. (जुन्या गाडीवाले मात्र अजून आधीचेच भाव सांगतात. तुम्हाला चिपळुणात सांगितलेला भाव त्यातलाच आहे का, तेवढं बघा.) पण नवी गाडी शोरूमच्या दारातून बाहेर पडली की तिची किंमत घसरायला लागते. विमावाल्यांचाच हिशोब घ्या ना. तीन वर्षं ओलांडली की ते किमतीतून ४० टक्के वजा धरतात. वर आपल्या राज्यात रस्ता कर. डिझेल गाडी दहा ते वीस लाखांतली असेल तर १४ टक्के, वीसच्या वर १५. पेट्रोलला दोन टक्के कमी. महाराष्ट्रातलीच जुनी गाडी घेतली तर हा कर पुन्हा भरावा लागत नाही. गोव्याची गाडी स्वस्तात मिळते म्हणून कुणी तिकडे पाठवलं तर जाऊ नका. इकडे आणून नोंदवताना तिकडची एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्र, आणावी लागते, कर इकडे भरावा लागतो आणि स्वस्ताई तिथेच संपते.

आणि डिझेलचा हट्ट सोडा, बाबा. तुम्हाला डिझेल म्हणजे काटकसर वाटते, पूर्वी ती होतीही. एप्रिल २०२० पासून बीएस ६, म्हणजे धुराचे कडक नियम, आलं, आणि डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारी जाळी बसली. ती साठलेली काजळी जाळायला गाडी मोठ्या रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटं एका चालीत पळावी लागते. तुमचं रोजचं जाणं पालशेतहून गुहागर बाजारात, बँकेत, औषधाच्या दुकानात आणि परत. वळणं, चढ, म्हशी, समोरून एसटी. इंजिन नीट तापायच्या आत तुम्ही घरी. त्या जाळीला तिचं काम करायला सवडच मिळत नाही. मग डॅशबोर्डवर पिवळा दिवा, आणि तुम्ही तो "आपोआप जाईल" म्हणून महिनाभर बघत बसणार. मी तुम्हाला ओळखते. पेट्रोलला ही भानगड नाही. महिन्याला पाचशे किलोमीटर धरले तर इंधनाचा फरक दीड-दोन हजारांचा पडेल. तेवढा मी देते.

एवढ्यावर माझं म्हणणं असं: नवी नको, फार जुनी नको, चिपळूणची तर नकोच. पेट्रोल, ऑटोमॅटिक, एका मालकाची, एप्रिल २०२३ नंतरची. तारीख मुद्दाम सांगतेय, हल्ली पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल चालेल असे पाइप आणि रबरं तेव्हापासून गाड्यांना लावतात. ऑटोमॅटिक का, तर कुंभार्ली घाटात ट्रकाच्या मागे अडकल्यावर क्लच दाबून दाबून तुमचा डावा पाय किती भरून येतो, ते तुम्ही सांगत नाही पण कराडला उतरल्यावर दिसतं.

आणि गाडी घाटावरची. कोल्हापूर, सांगली, सातारा, नाहीतर पुण्याची. किनाऱ्यावर पाचेक वर्षं उभी राहिलेली गाडी वरून चकचकीत असते आणि खालून कुरतडलेली. खारी हवा आधी ब्रेकच्या नळ्या खाते, मग सायलेन्सरचे जोड, मग दरवाजांच्या खालच्या कडा. दरवाजाच्या तळाला बोट फिरवलं तर रंगाखाली फुगवटे लागतात. गॅरेजात रॅम्पवर चढवून खालून टॉर्च मारल्याशिवाय एक रुपयाही द्यायचा नाही. घाटावरची गाडी आपल्याकडे आली की तिलाही गंज चढेलच, पण तो आपल्या देखत चढेल. तळाला गंजरोधक थर मारून घेऊ, आणि बंदरावरून आल्यावर गोड्या पाण्यानं खालून धुवायची सवय लावू.

आता गाडी कुठली. मनापासून विचाराल तर इनोव्हा हायक्रॉस, साधी पेट्रोल. जमीन खाली, दार मोठं, आई नुसती वळून बसेल, आणि तिसऱ्या रांगेत दादासारखा उंच माणूस गुडघे कानाला न लावता बसू शकतो. तुम्ही म्हणणार, ती टुरिस्टवाल्यांची गाडी, वाडीत लोक विचारतील भाड्यानं लावलीत का म्हणून. विचारू देत की! टुरिस्टवाले ती का घेतात याचा विचार कुणी करत नाही. पण तुमचं मन मी जाणते. एसयूव्हीच हवी असेल तर एक्सयूव्ही ७००, पेट्रोल ऑटोमॅटिक. फॉर्च्युनरपेक्षा चढायला सोपी, घाटात भरपूर ताकद, आणि ग्लोबल एनकॅपच्या अपघात चाचणीत पाच तारे. तिसऱ्या रांगेत पोरंच बसवायची, मोठ्यांनी हट्ट करायचा नाही. आणि सगळ्या रांगा भरल्या की डिकीत दोन पिशव्या जेमतेम राहतात, म्हणजे गणपतीला टपावर कॅरिअर लागणारच. हे आधीच सांगून ठेवते, नंतर "तू बोलली नाहीस" नको.

काचेच्या छताची घेऊ नका. मुलं "सनरूफ, सनरूफ" करतील. आपल्याकडे गाडी उभी राहणार माडांखाली. वरून एक नारळ सुटला की झालं. आणि पावसात त्याच्या पन्हळीत पानं अडकून पाणी थेट आईच्या मानेवर गळेल. माडांवरून आठवलं, पत्र्याची शेड नीट बंद होईल अशी करून घ्या. पावसाळ्यात उंदीर बॉनेटमध्ये ऊब शोधत येतात आणि वायरी कुरतडतात.

एक काम मात्र तुम्हालाच करायचंय. वाडीकडे वळतो तिथला रस्ता टेप लावून मोजा, विजेचा खांब आणि समोरचा जांभ्याचा गडगा यांच्यामधली जागा. स्कॉर्पिओ-एन आरशांशिवाय १९१७ मिलिमीटर रुंद आहे, म्हणजे सव्वासहा फुटांच्या वर. एक्सयूव्ही १८९०, हायक्रॉस १८५०. गंमत म्हणजे इतकी धिप्पाड दिसणारी फॉर्च्युनर १८५५ च. वळताना दोन्ही बाजूंना निदान फूटभर मोकळं हवं. ते बसत नसेल तर एक्सयूव्हीचा विषय मिटला. हायक्रॉस घ्या आणि लोकांना काय म्हणायचं ते म्हणू दे. गडगा हलवायची बोलणी सुरू करू नका, त्या गडग्यावरून आजोबांच्या वेळेपासून काय काय झालंय ते पुन्हा नको.

आणि बघायला जाताना आईला घेऊन जा. ती पुढे एकदा, मधल्या रांगेत एकदा, कुणाचा हात न धरता चढली आणि उतरली, तरच पुढचं बोलायचं. आई, तू "चालेल हो" म्हणू नकोस. तुला सवय आहे तशी म्हणायची. धोपाव्याच्या जेटीवरून दाभोळला माहेरी जायचं झालं तर फेरीबोटीवर तुला गाडीतून उतरावंसं वाटणारच, मग पुन्हा त्या उतरत्या रॅम्पवर चढायचं आहे.

कागद मी बघते. आरसीवर, म्हणजे नोंदणीच्या कागदावर, कर्जाचा बोजा असला तर तो उतरवायला बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५, नावावर करायला २९ आणि ३०. विमा चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घ्यावा लागतो, नाहीतर अपघात झाला तर आपल्या गाडीच्या नुकसानीला कुणी विचारत नाही. कोल्हापूरला दोन गाड्या हेरून ठेवल्या आहेत. पाऊस लागायच्या आत एका रविवारी मी पुण्याहून येते, तुम्ही दोघं कराडपर्यंत या, तिथून बरोबर जाऊ.

तोवर चिपळूणला इसार देऊ नका. दिला असेल तर किती दिला आणि पावती घेतली का, तेवढं आज रात्री फोन करून सांगा. ओरडणार नाही.

तुमची,
मनू