हॅरोच्या आठवणी : रविवारच्या बैठकीची सूचना

सर्व सभासदांना नमस्कार.

लंडनमधल्या आपल्या हॅरो भागाच्या जुन्या आठवणी टिपण्यासाठी येत्या रविवारी दुपारी ३ वाजता नेहमीच्या हॉलमध्ये बसायचं आहे. नेहरू इथल्या शाळेत शिकले, हे सगळ्यांनाच पाठ आहे. तो विषय कृपया नको.

यंदा मुख्य भर इथल्या कोडॅकच्या कारखान्यावर. १८९१मध्ये सुरू झालेला हा कारखाना २०१६मध्ये बंद पडला. फिल्म आणि फोटोचा कागद तयार करण्याची बरीच कामं अंधारात चालत. तिथे नोकरी केलेल्यांनी, किंवा ज्यांचे शेजारी, घरमालक तिथे होते त्यांनी जरूर यावं. पाळ्या, कॅन्टीन, पगाराचा दिवस, काहीही चालेल. किरकोळ वाटणारं आधी सांगा, तेच कुठे लिहिलेलं नसतं.

८ ऑक्टोबर १९५२चा हॅरो अँड वील्डस्टोन स्टेशनावरचा अपघात आठवणारे शेजारी आता फार वयस्कर आहेत. तीन रेल्वेगाड्यांची टक्कर, ११२ मृत्यू. या शेजाऱ्यांना गाडीतून घेऊन यावं. मात्र बोलायचा आग्रह धरू नये.

जुने फोटो मूळच आणा, तिथेच स्कॅन करून लगेच परत देऊ. मागे पेन्सिलीने नावं आणि साल लिहा. चहा आहे, खाण्याचं प्रत्येकाने थोडं आणावं.

– कार्यवाह