ओर्लँडोची जोडी जिंकेल, पण येत्या मोसमात नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपल्या क्रीडा पानावर ओर्लँडो मॅजिक या अमेरिकी बास्केटबॉल संघाच्या पाओलो बँकेरो आणि फ्रान्झ वाग्नर या जोडीवर लेख आला. गोव्यातल्या मराठी दैनिकात एनबीएला, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगला, अर्धं पान! फुटबॉलच्या गर्दीतून एवढी जागा काढल्याबद्दल आधी आभार. हे दोन तरुण तारे अजिंक्यपद आणतील का, या प्रश्नाला लेखकाने ठणकावून 'हो' म्हटलं आणि शिकागोचे जॉर्डन-पिपेन, लॉस एंजेलिस लेकर्सचे शॅक-कोबी असे दाखले दिले. उत्तराशी मी सहमत आहे. दाखल्यांशी नाही.

१९९१ साली शिकागोने पहिलं अजिंक्यपद घेतलं तेव्हा मायकल जॉर्डन अठ्ठावीस वर्षांचा होता. त्याआधीची तीन वर्षं डेट्रॉइटने ओळीने त्याला घरी पाठवलं होतं. २००० साली लेकर्स जिंकले तेव्हा कोबी ब्रायंट कोवळा होता हे खरं, पण शेजारी उभा असलेला शॅकिल ओनील तेव्हा आठ मोसम खेळून पिकलेला होता. याला दोन तरुणांची जोडी म्हणत नाहीत. खरा दाखला हवा होता तर तो ओर्लँडोतच पडला आहे, आणि नेमका तोच लेखात नाही.

शॅक आणि पेनी हार्डवे. जून १९९५ मध्ये दोघेही तेवीस वर्षांचे होते. त्यांनी त्या वर्षी प्लेऑफमध्ये, म्हणजे मोसमानंतरच्या बाद मालिकांत, नुकत्याच परतलेल्या जॉर्डनच्या शिकागोला ४-२ असं हरवलं होतं. फायनलला समोर ह्यूस्टन, तेही आपल्या विभागात सहाव्या क्रमांकावरून आलेलं. पहिला सामना ओर्लँडोच्या घरी. शेवटच्या दहा-अकरा सेकंदांत तीन गुणांची आघाडी, आणि निक अँडरसन फ्री थ्रोच्या, म्हणजे फाउलबद्दल मिळणाऱ्या एकेका गुणाच्या मोकळ्या नेमाच्या, रेषेवर. दोन चुकले. चुकलेला चेंडू त्यानेच पुन्हा मिळवला, पुन्हा फाउल, पुन्हा दोन फ्री थ्रो, तेही चुकले. चारांतला एक जरी पडला असता तर सामना बहुतेक संपला होता. ह्यूस्टनच्या केनी स्मिथने थ्री-पॉइंटर, म्हणजे लांबून तीन गुणांचा नेम, मारून बरोबरी केली आणि जादा वेळेत सामना १२०-११८ असा गेला. मालिका ४-०. आपल्याकडे ज्यांनी २०१५ ची फुटबॉलची आयएसएल फायनल फातोर्ड्याच्या गॅलरीत बसून पाहिली, त्यांना हे जास्त समजावायला नको. एफसी गोवा ८९ मिनिटं संपेपर्यंत २-१ ने पुढे होता आणि चेन्नईयिनने ३-२ ने चषक नेला.

पण माझा मुद्दा ते चार फ्री थ्रो नाहीत. पुढच्या वर्षी ओर्लँडोने ६० सामने जिंकले, शिकागोकडून ४-० हरले आणि त्याच उन्हाळ्यात शॅक लेकर्सकडे निघून गेला. जोडी एकत्र खेळली ती जेमतेम तीन मोसम. आणि या संघात तिसरा माणूस नव्हता असं कोणी म्हणू नये, शिकागोहून तीन अजिंक्यपदं घेऊन आलेला होरेस ग्रँट होता. कमी पडली ती वर्षं.

बॉस्टनकडे बघा. जेलन ब्राऊन २०१६ ला आला, जेसन टेटम २०१७ ला. टेटम आल्यावर २०१८, २०२०, २०२२ आणि २०२३ असे चार वेळा ते पूर्व विभागाच्या फायनलपर्यंत गेले, एकदा खुद्द फायनल हरले, एकदा घरच्या मैदानावर सातवा सामना मायामीकडून हरले. दर वेळी अमेरिकेतले शहाणे सांगत होते, दोघांतला एक विका, हे एकत्र जिंकू शकत नाहीत. बॉस्टनने कान बंद ठेवले. दोघांना हात न लावता भोवती ज्रू हॉलिडे आणि पोर्झिंगिस आणले आणि २०२४ मध्ये डॅलसला ४-१ असं लोळवलं. सात मोसम लागले. ओक्लाहोमा सिटीने २०१२ मध्ये याच्या उलट केलं. ड्युरंट, वेस्टब्रुक आणि हार्डन अशी तिघांची फळी फायनल हरली, आणि चार महिन्यांत हार्डन ह्यूस्टनला रवाना. उरलेल्या दोघांना एकत्र अजिंक्यपद कधीच मिळालं नाही.

आता ओर्लँडोचा प्रश्न. बँकेरो बावीसचा, वाग्नर तेवीसचा. सरल्या २०२४-२५ च्या मोसमात पहिल्याची सामन्यामागे सरासरी २५.९ गुण, दुसऱ्याची २४.२. गुणांची ददात नाही. बचाव तर लीगमधल्या अव्वल दोन-तीन संघांतला, त्याचं श्रेय प्रशिक्षक जमाल मोझली यांना द्यायलाच हवं. २०२१-२२ मध्ये २२ सामने जिंकणारा संघ त्यांनी दोन वर्षांत ४७ वर नेला. तरी सरल्या मोसमात ४१ जिंकले, ४१ हरले आणि पहिल्याच फेरीत बॉस्टनने ४-१ असं बाहेर काढलं. दुखापती होत्याच. बँकेरोने इंडियानाविरुद्ध ५० गुण केले आणि पुढच्याच सामन्यात पोटाचा स्नायू फाटला. डिसेंबरात वाग्नरला अगदी तीच दुखापत. पण दुखापतीआड लपू नये, कारण खरं दुखणं वेगळं आहे. तीन गुणांच्या नेमबाजीत ओर्लँडो तीस संघांत तिसावा होता. वाग्नर स्वतः सलग दोन मोसम तीस टक्क्यांच्या खाली आहे आणि बँकेरोचंही फार बरं नाही.

यात काय बिघडतं ते मी सांगू शकतो, कारण फोंडा तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये शारीरिक शिक्षण शिकवत मी निवृत्त झालो. पीटी मास्तर म्हटलं की लोकांना शिट्टी आणि कवायत एवढंच दिसतं, पण माझा जीव बास्केटबॉलच्या सिमेंटच्या कोर्टवर होता. (पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरायचं आणि पोरांना आधी खराटे द्यावे लागायचे.) एका वर्षी माझ्याकडे असेच दोन दणकट पोरगे होते. दोघेही चेंडू घेऊन थेट बास्केटखाली घुसणारे. तालुक्यात आम्हाला कोणी अडवू शकलं नाही. जिल्ह्याला समोर सासष्टीतली एक शाळा आली. त्यांच्या सरांनी पाच मिनिटं शांतपणे आमचा खेळ पाहिला आणि सगळी पाच पोरं बास्केटभोवती गोळा करून उभी केली. आमचे दोघे त्या भिंतीवर आपटत राहिले. डाव्या कोपऱ्यात आमचा एक सडपातळ मुलगा मोकळा उभा. शेवटी चेंडू गेला त्याच्याकडे, आणि त्याच्या हातून रिंगलासुद्धा लागला नाही. बाकावरून पोरं ओरडली, पण त्या मुलाला मी काय बोलणार? वर्षभर ज्याच्याकडे कोणी पास टाकला नाही, त्याचा हात ऐन वेळी गरम कुठून असणार?

ओर्लँडोत मला तेच दिसतं. मागच्या वर्षी त्यांनी नेमबाज म्हणून केंटेव्हियस कॉल्डवेल-पोपला आणला. लेकर्स आणि डेन्व्हर अशा दोन संघांबरोबर अजिंक्यपद जिंकलेला हा माणूस. डेन्व्हरला चाळीस टक्क्यांच्या आसपास मारणारा हा गडी ओर्लँडोत येऊन चौतीसच्या घरात घसरला. तो वर्षभरात नेम विसरला असं मला वाटत नाही. डेन्व्हरला तिथला तारा योकिच त्याला चालत्या खेळात, हवा तिथे, हवा तेव्हा चेंडू द्यायचा. ओर्लँडोत वाट अडली की मग त्याची आठवण व्हायची.

म्हणून जूनमधला सौदा मला पटला. डेस्मंड बेनसाठी ओर्लँडोने कॉल्डवेल-पोप, कोल अँथनी आणि पहिल्या फेरीचे चार ड्राफ्ट हक्क (पुढच्या वर्षांत नवे खेळाडू निवडण्याचे) मेम्फिसला दिले. 'केवढी किंमत!' म्हणून आपल्या लेखकाने नाक मुरडलं आहे. मला ती वाजवी वाटते. बेन कारकिर्दीत चाळीस टक्क्यांच्या वर थ्री-पॉइंटर मारतो, आणि त्याहून महत्त्वाचं, तो कोपऱ्यात वाट बघत उभा राहणारा नाही. स्वतः चेंडू हाताळतो, खेळ मांडतो. त्याला विसरता येणार नाही. आणि भविष्यातले हक्क जपून करायचं काय? विशीतले दोन तारे ज्याच्या घरात आहेत त्याने आणखी विशीतल्या पोरांची वाट बघायची?

घाईचं दुसरंही कारण आहे. वाग्नरचा पाच वर्षांचा २२४ दशलक्ष डॉलरचा करार येत्या मोसमापासून लागू होतो. बँकेरोने याच महिन्यात किमान २३९ दशलक्षांवर सही केली, ती २०२६-२७ पासून. म्हणजे शॅकसारखं कोणी लगेच उठून जाणार नाही, जोडी २०३० पर्यंत शाबूत. पण पगाराची बेरीज ठरावीक रेषेपलीकडे गेली की एनबीएचे नवे नियम संघाचे हात बांधतात, अदलाबदल करणंही कठीण होतं. बॉस्टनने यंदा हॉलिडे आणि पोर्झिंगिस दोघांना सोडलं ते याचमुळे, अजिंक्यपदाला जेमतेम वर्ष झालेलं असताना. ओर्लँडोत दोघे राहतील. भोवतालची माणसं किती राहतील, हा प्रश्न आहे. माझ्या अंदाजाने त्यांना धडपणे दोन मोसम मिळतील.

पूर्व विभाग मोकळा आहे हे लेखातलं म्हणणं बरोबर. टेटम आणि इंडियानाचा हॅलिबर्टन, दोघांच्याही घोट्यामागची शीर तुटली आहे, त्यामुळे २०२६ ची फायनल ओर्लँडोने गाठली तर मला नवल वाटणार नाही. पण पलीकडून, पश्चिम विभागातून, ओक्लाहोमा सिटी येणार. ६८ सामने जिंकून अजिंक्यपद नेणारा तो संघ गिलजस-अलेक्झांडर आणि जेलन विल्यम्स यांच्यापाठी आठ-नऊ माणसं निर्धास्त उतरवतो. त्यांच्यापुढे पहिल्या वर्षी ओर्लँडोचा टिकाव लागायचा नाही. म्हणून माझं मत २०२७ ला. वाग्नर २०२३ मध्ये जर्मनीबरोबर विश्वविजेता झालेला आहे, तेव्हा मोठ्या सामन्याला तो बिचकणार नाही. बँकेरोने मात्र या दोन वर्षांत बेनकडे चेंडू वेळेवर, दुसऱ्या-तिसऱ्या सेकंदाला सोडायला शिकलं पाहिजे, वीस सेकंद गेल्यावर नव्हे.

जाता जाता एक विनंती. ओर्लँडोचे घरचे सामने आपल्याकडे पहाटे साडेचारला सुरू होतात आणि नोव्हेंबरात तिथली घड्याळं मागे गेली की साडेपाचला. पाव घेऊन येणाऱ्या पोदेराची हॉर्न ऐकू येईपर्यंत पहिला हाफ उरकतो. फोंड्यातली चार पोरं उठतात बघायला, मला ठाऊक आहे. क्रीडा पानाच्या एका कोपऱ्यात आठवड्याच्या सामन्यांच्या भारतीय वेळा छापता आल्या तर बघा. जागा नसेल तर शनिवारचे-रविवारचे तेवढे द्या, इतर दिवशी त्या पोरांना शाळा असते.

आपला,
एक निवृत्त शारीरिक शिक्षण शिक्षक
फोंडा, गोवा
जुलै २०२५