“लेझर अर्धा कर” म्हणणाऱ्या ताईस

प्रिय ताई,

पेपरच्या शेवटी आभारांच्या ओळीत तुझं नाव आहेच. पण त्या रात्रीबद्दल तिथे काही लिहिता आलं नाही, म्हणून हे पत्र, सगळ्यांदेखत.

तीन आठवडे मी अडकले होते. आयर्न फॉस्फरस ट्रायसल्फाइड टेपने सोलून सोलून जेमतेम दोन-तीन थरांपर्यंत आणलं होतं. या चुंबकात लोखंडाच्या अणूंचे स्पिन (प्रत्येक अणूची इवलीशी चुंबकसुई) एका ओळीत वर, तर शेजारच्या ओळीत खाली असे लागतात. बेरीज शून्य, त्यामुळे परावर्तित प्रकाशावरून एकूण चुंबकत्व पाहणाऱ्या केर पद्धतीच्या हाती इथे काही लागत नाही. रामन विकिरणाला (लेझरचा प्रकाश नमुन्यातल्या कंपनांवर आदळून ऊर्जा बदलून परततो, ते मोजणं) मात्र दिसतं. ११८ केल्विनच्या खाली ही मांडणी जमली की स्फटिकाचा एकक कोष (पुन्हा पुन्हा येणारा सर्वात लहान तुकडा) दुप्पट होतो आणि एरवी लपलेली कंपनं १०० वेव्हनंबरच्या (ऊर्जेतल्या बदलाचं माप) खाली नव्या, बारीक पीक, म्हणजे आलेखातली टोकं, होऊन वर येतात. अगदी एकच थर उरला तरी येतात, हे २०१६ सालीच छापून आलं होतं. माझ्याकडे येत नव्हत्या. १०० केल्विनवरही तोच जुना पसरट उंचवटा.

मी आधी नमुन्याला दोष दिला, मग नमुना थंड ठेवणाऱ्या क्रायोस्टॅटला, मग (आता लाज वाटते) छापून आलेल्या निकालांनाच. तू स्पेक्ट्रमवर, म्हणजे त्या आलेखावर, नजर टाकलीस आणि विचारलंस, “थर्मामीटर कुठे बसवलाय?”

तांब्याच्या ठोकळ्यावर.

“आणि लेझर कुठे पडतोय?”

सिग्नल वाढावा म्हणून मी पॉवर चढवत गेले होते, आणि त्या पापुद्र्यातली उष्णता खाली नीट उतरतच नव्हती. ठोकळा १०० वर, लेझरचा ठिपका त्याहून बराच गरम. स्टोक्स (ऊर्जा गमावून परतलेला प्रकाश) आणि अँटी-स्टोक्स (ऊर्जा मिळवून परतलेला) बाजूंच्या उंचीचं गुणोत्तर काढून तू ते दाखवलंस. नमुन्याचं तापमान प्रकाशच सांगत होता. मी ती दुसरी बाजू कधी मोजलीच नव्हती.

“लेझर अर्धा कर. मग पुन्हा अर्धा.” सिग्नल मरेल म्हटलं, तर म्हणालीस, “मग थांबायचं.” कोटभर फोटॉनांमागे एखादाच ऊर्जा बदलून परततो, त्यात पॉवर एवढी उतरवलेली. वीस-वीस मिनिटांची एक्सपोजर, मध्येच आलेखात कॉस्मिक किरणांचे उभे खिळे, ते एकेक करून काढायचे. दुसऱ्या दिवशी तुझं स्वतःचं मोजमाप होतं, तरी तू बसलीस. पहाटे त्या बारीक पीक उगवल्या तेव्हा तू खुर्चीतच झोपली होतीस. मी उठवलं नाही, त्याबद्दल माफी.

तू गेल्यानंतर चुंबकीय क्षेत्रही लावून पाहिलं. १२२ वेव्हनंबरची रेषा दुभंगली: एक फांदी वर, एक खाली, दर टेस्लाला साधारण एकेक वेव्हनंबर. म्हणजे ती नुसत्या अणूंची थरथर नाही, स्पिनांची लाट आहे, मॅग्नॉन. आलेख सोबत पाठवतेय. उजव्या कोपऱ्यात लेझरची पॉवर लिहिली आहे.

तुझी,
पलीकडच्या टेबलावरची